फणसाच्या पेटीतल्या चार चाक्या

आमच्या रेडिओच्या मागे बसून माझी बायको गाते, अशी समजूत मांडवीच्या बाजूला काही घरांत अजून आहे. ती खोटी आहे. मथुरा त्या संध्याकाळी पेटीच्या मागे बसली होती हे खरं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पेटीत होते हेही खरं. आणि तिचं तोंड हलत होतं असं सांगणारी हौसा मासळीवाली खोटं बोलणारी बाई नाही. तरीही गात होती ती मथुरा नव्हे. इतक्या खऱ्या गोष्टींतून एवढी खोटी गोष्ट कशी उभी राहिली ते एकदा क्रमाने सांगितलं पाहिजे, कारण बाजारात लोक माझ्याकडे पाहून जे हसतात ते मला आवडत नाही.

सुरुवात वाळवीपासून झाली. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात मी बॅटरीवर चालणारा रेडिओ घेतला. यंत्र धड होतं, पण त्याची लाकडी पेटी वाळवीने आतून खाल्लेली होती. बैलगाडीतून घरी येईपर्यंत पेटीचा भुगा झाला आणि माझ्या मांडीवर राहिलं ते काचेच्या नळ्यांचं यंत्र आणि एक कर्णा. कर्णा म्हणजे जिथून आवाज येतो तो भाग: पुढे कागदाचा शंकू, मागे मूठभर चुंबक, आणि भोवती चार भोकं असलेली लोखंडी कड. नुसता टेबलावर ठेवला तर बातम्या देणारा माणूस घशात माशाचा काटा अडकल्यासारखा बोले. तोच कर्णा जाड फळीला घट्ट दाबून धरला की माणूस एकदम भारदस्त होई. तेव्हा पेटी करणं भाग होतं, आणि मी ती स्वतः करायचं ठरवलं. सुताराला बोलवा असं मथुरा म्हणाली होती. हे मी आता सांगतो आहे. तेव्हा मला ते ऐकू आलं नव्हतं.

लाकूड कुंपणापलीकडच्या गोदूबाईंनी दिलं. त्यांच्या परसातला एक फणस आदल्या पावसाळ्यात आडवा झाला होता.

"ने हो अप्पा फळ्या," त्या म्हणाल्या. "पण ध्यानात ठेव, फणस माझा."

मी ते बोलणं सौजन्याचं समजलो. प्रत्यक्षात ती भागीदारीची अट होती. त्या दिवसापासून गोदूबाई रोज कुंपणावरून विचारू लागल्या, "काय रे, आज माझा फणस काय म्हणतो?" मुंबईचे कापसाचे भाव त्यांना फणसाने सांगितलेले असत आणि ते पटले नाहीत तर त्या मला जबाबदार धरत.

पेटी तयार झाली. ती काटकोनात झाली असा माझा दावा नाही. शेजारचा दादू, जो बोटीवर इंजिनखात्यात नोकरी करून घरी बसला होता, तो पेटीभोवती फिरला आणि म्हणाला, "अप्पानू, झक्कास झालाय. पाण्यात कवा सोडताव?"

कर्णा मी पुढच्या फळीला आतून चार स्क्रूंनी बसवला, पुढून कापड लावलं, मागची बाजू उघडी ठेवली. इथे सगळं संपायला हवं होतं. पण आमच्याकडे एखाद्याच्या घरी नवी वस्तू आली की ती पाहायला जाणं हा त्या घराचा मान असतो, आणि ती आतूनबाहेरून दाखवणं हे यजमानाचं कर्तव्य. नव्या विहिरीत लोक वाकून पाहतात, नव्या सुनेच्या पाटल्या फिरवून पाहतात. रेडिओला सूट मिळण्याचं कारण नव्हतं. मंडळी येत, चहा घेत, थोडं ऐकत, आणि मग कुणीतरी विचारी, "बोलतो कुठून?" मागून फक्त चुंबक दिसे. पाहुण्यांना तोंड पाहायचं असे. मग मी पेचकस घेऊन स्क्रू काढी, कर्णा ओंजळीत धरून सगळ्यांपुढे फिरवी, आणि देवाची मूर्ती परत बसवावी तसा तो जागेवर बसवी. नाही म्हणणं शक्य नव्हतं. एका आजोबांना मी "उद्या दाखवतो" म्हणालो, तर ते नव्याने चहा पीत बसून राहिले.

लाकडात स्क्रू एकदाच बसतो. काढला आणि पुन्हा घातला की भोक सैल होतं, आणि नीट न वाळलेल्या फणसात तर फारच लवकर. मी भोकांत आगकाड्या कोंबल्या, मग काथ्या कोंबला. शेवटी शेवटी कर्णा फळीवर हिंदकळू लागला आणि प्रत्येक शब्दाबरोबर पेटीत भुंगा कोंडल्यासारखी घरघर येऊ लागली. गोदूबाईंचं मत पडलं की फणसाला पडसं झालं आहे आणि मी त्याला ओल्या भिंतीजवळ ठेवायला नको होतं.

भुंगा मी चालवून घेतला असता. पण आषाढात राहीचा निरोप आला.

राही मथुरेची धाकटी बहीण. आई लवकर गेली तेव्हा मथुराच परकरात होती आणि राही तिच्या कडेवर. मथुरेने तिला वाढवलं, वेणी घालायला शिकवलं, आणि चुलीपुढे बसून आईचं एक गाणं शिकवलं. समुद्रावर गेलेल्या भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीचं ते गाणं मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. राही लग्न होऊन मुंबईला गेली, लेकुरवाळी झाली, आणि दोघींची भेट लांबतच गेली. आता तिला मुंबईच्या रेडिओने बायकांच्या कार्यक्रमात गायला बोलावलं होतं. चेहरा दिसत नाही ना, मग गा, असं म्हणून सासऱ्यांनी परवानगी दिली होती. श्रावणातल्या सोमवारी संध्याकाळी ती आईचंच गाणं म्हणणार होती. पावसाळ्यामुळे आगबोटी बंद आणि घाट चढून कोल्हापूरवरून जाणं खर्चाचं, तेव्हा मथुरेने मुंबईला जाण्याचा प्रश्नच नव्हता. राहीने एवढंच कळवलं होतं की ताई ऐकत असेल तरच आपल्याला सूर सापडेल, नाहीतर तिथे उभं राहायला पाय धजणार नाहीत.

मथुरेने ऐकते म्हणून उलट टपाली कळवलं. मग ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"अहो, त्या दिवशी भुंगा नको हं. राहीच हवी."

ती काही मागत नाही. झोपाळ्याच्या कड्या बदलायच्या होत्या तेव्हाही तिने मागितलं नव्हतं, झोपाळाच वापरायचं सोडलं होतं. म्हणून मला ते फारच लागलं.

उपाय दादूने सांगितला. "लाकडात आटे नाय रवायचे, अप्पानू. पितळेत रवतील. लाकडात पितळी चाक्या पुरा, आन् बोल्ट त्या चाकीत फिरवा. मंग दिवसातनं धा वेळा खोला, दाखवा, लावा. लाकडाला कळायचा पन नाय."

यंत्रसामानाच्या एका कॅटलॉगात अशा चाक्या मला सापडल्या. बाहेरून दातेरी, म्हणजे लाकडाला चावून बसतील. आतून आटे पाडलेल्या, म्हणजे बोल्ट घेतील. मी चार चाक्या आणि चार बोल्ट मुंबईहून मागवले. बोटी नसल्यामुळे पुडकं रेल्वेने कोल्हापूरला आणि तिथून मोटारीने घाट उतरून आलं, आणि गावाच्या नाक्यावर जकातीत अडकलं.

इथे मला माझ्या नोकरीविषयी सांगावं लागेल. मी जकात कचेरीत हेडक्लार्क होतो. कोणत्या मालाला कोणत्या वर्गात घालावं याचं कोष्टक मी तयार केलं होतं आणि त्याबद्दल माझं नाव झालं होतं. नाक्यावरचा कारकून भागोजी ते कोष्टक देव्हाऱ्यातल्या पोथीसारखं फडक्यात गुंडाळून ठेवी. मी नाक्यावर गेलो तेव्हा तो चाक्या तळहातावर घेऊन बसला होता.

"रावसाहेब, ह्या कशात घालू?" त्याने विचारलं. "भांडी म्हनावी तर पानी ठरत नाय. दागिना म्हनावा तर कोन घालनार?"

"यंत्राचा भाग आहे, भागोजी. रेडिओला लावायचा."

"मग वाद्यात घालतो."

"रेडिओ वाद्य नाही."

"हां. तुमीच लिवलाय तसा." त्याने पोथी उघडली. "आन् ज्याचा वर्ग ठरला नाय तो माल साहेबांचा निर्णय होईपर्यंत नाक्यावर ठेवावा, ह्या पन तुमीच लिवलाय. अक्षर चांगला हाय तुमचा."

निर्णयाचं प्रकरण नियमाप्रमाणे माझ्याच टेबलावर आलं. मीच अर्जदार असल्यामुळे मला त्यावर सही करता येईना. ते मी शेरा मारून साहेबांकडे पाठवलं, आणि साहेब तपासणीसाठी खेडला जाऊन बसले होते. वाटेतल्या जगबुडी नदीला पूर होता. साहेब पलीकडे, रस्ता अलीकडे.

"तुमच्या सहीने सुटत नाही का?" मथुरेने जेवताना विचारलं.

"सुटतं. म्हणून तर करता येत नाही."

माझ्या पानात तिने रोजच्यापेक्षा जास्त तूप वाढलं. ती रागावली असती तर मला जेवण गेलं असतं.

साहेब परतले ते गाण्याच्याच सोमवारी सकाळी, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. त्यांनी प्रकरण वाचलं, माझ्याकडे पाहिलं, चाक्या 'किरकोळ' या वर्गात घातल्या, आणि एवढ्यासाठी कागद वाढवल्याबद्दल मला दोन शब्द ऐकवले. 'किरकोळ' हा वर्ग माझ्या कोष्टकात नव्हता. तो असता तर निम्मी कचेरी बंद करावी लागली असती, हे मी साहेबांना सांगितलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पुडकं छातीशी धरून घरी पळालो.

दादू गिरमिट घेऊन ओसरीवर तयार होता. गोदूबाई भागीदार म्हणून आल्या होत्या. भोकं पाडली. ती थोडी मोठी पडली, कारण प्रत्येक भोकात आधीचं सैल भोक होतं आणि काथ्याही होता. चाकी घातली की आत गेली आणि बोटाने बाहेर आली. दातांना चावायला लाकूड उरलं नव्हतं.

"चिकटवायला हवी," मी म्हणालो.

"राळ," दादू म्हणाला. "होडीच्या फटीत आमी राळ भरतंव. समुद्र हटत नाय."

"राळ कशाला नि फिळ कशाला?" गोदूबाई म्हणाल्या. "फणसाला फणसाचाच चीक. मी काठीला गुंडाळून ठेवलाय. हाडवैर असलेली माणसं चिकटतील."

राळ दादूच्या घरी होती आणि चीक गोदूबाईंच्या पदरात, एवढ्याच कारणावर चीक निवडला गेला. करवंटीत तो गरम केला, भोकांत ओतला, चाक्या लाकडी हातोड्याने ठोकल्या. चीक दोन्ही बाजूंनी वर आला. बाहेरचा माझ्या हातांना लागला. आतला चाक्यांच्या आट्यांत भरला. बोल्ट अर्धे गेले आणि थांबले. पुढे जाईनात, मागे येईनात. फणसाच्या चिकाची ज्यांना ओळख आहे त्यांना पुढचं सांगायला नको. माझा डावा हात पेटीला चिकटला. घाम पुसायला उजवा वर नेला तो मिशीला. त्याच वेळी संध्याकाळचे पहिले पाहुणे फाटकात दिसले, कारण राहीच्या गाण्याची बातमी गोदूबाईंनी आधीच वाटली होती. मी तसाच, एक हात पेटीला आणि एक मिशीला, त्यांना "या, या" म्हणालो. ते अदबीने आत आले. हीच रेडिओ लावायची रीत असावी असं त्यांना वाटलं असणार.

मथुरा खोबरेल घेऊन धावली. तिने तेल चोळून माझे हात सोडवले, मिशी सोडवली. मग दादूने बोल्टांवर तेल सोडलं, चीक ढिला झाला, आणि त्याने पाना लावून बोल्ट फिरवला.

बोल्ट छान फिरला. त्याच्याबरोबर चाकीही फिरली. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी ती भोकातल्या भोकात गोल गोल फिरत राहिली. चारही तशाच. चौथी तर बोल्टाबरोबर बाहेर आली आणि पाहुण्यांच्या घोळक्यात घरंगळत गेली.

"तेल नको व्हता," दादू म्हणाला.

"चीक नको होता," मी म्हणालो.

"फणसाला नावं ठेवू नका," गोदूबाई म्हणाल्या आणि घरून आणलेल्या पाटावर सर्वांत पुढे बसल्या.

घर भरलं. खिडकीत माणसं, अंगणात छत्र्या. मी यंत्र सुरू केलं. कर्णा पेटीच्या तळाशी आडवा पडला होता आणि त्यातून काटा अडकलेल्या आवाजात कुणीतरी पुढच्या कार्यक्रमाची सूचना देत होतं. मी पेटीकडे पाहत उभा राहिलो. एखाद्याची बायको आयुष्यात त्याच्याकडे किती वेळा काही मागते, याचा मी हिशेब करत होतो.

"सरका बघू," मथुरा म्हणाली.

तिने पदर खोचला, पेटीच्या मागे जमिनीवर बसली, दोन्ही हात आत घातले, कर्णा उचलून भोकाशी आणला आणि तळहातांनी फळीवर दाबून धरला. काटा गेला. भुंगाही नाही. सूचना देणाऱ्या बाईचा स्पष्ट, भारदस्त आवाज पेटीतून आला आणि त्याने राहीचं नाव घेतलं.

पहिला सूर थोडा खाली लागला. मग सापडला. खोलीत कुणी खोकलं नाही. पाहुण्यांना मथुरा दिसत नव्हती, फक्त पेटीच्या कडेला तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. राही पहिलं कडवं म्हणाली, दुसरं म्हणाली. बहीण किनाऱ्यावर येते, शिडं मोजते, आणि पुढच्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीच्या मध्यावर गाणं थांबलं.

साफ थांबलं. पेटीत काही नाही.

"सुटला!" दादू ओरडला. "कर्णा सुटला!"

"माझा फणस बसला!" गोदूबाई उठल्या. कुणीतरी पेटीला चापट मारली. मी मागे धावलो.

मथुरेचे हात जागेवर होते, पक्के. डोळे मिटलेले, गाल ओले, आणि ओठांचा चंबू करून ती समोरच्या रिकाम्या हवेत फुंकर घालत होती. एक लांब फुंकर. फुंकणी हातात असल्यासारखी. तेवढ्यात पेटीतून राहीने ओळ पुढे उचलली, जिथे सोडली होती बरोबर तिथून.

मला नंतर कळलं. मथुरा ते गाणं शिकवायची ते ओल्या लाकडांच्या चुलीपुढे. त्या ओळीत नेहमी जाळ मंदावायचा आणि ती थांबून फुंकायची. राही लहान होती; तिला वाटलं गाण्यातच तिथे थांबायचं असतं. मुंबईत, पेटी-तबल्यावाल्यांना ताटकळत ठेवून, ती एक चूल पेटेपर्यंत थांबली होती.

गाणं संपलं तरी मथुरेने हात काढले नाहीत. पुढे कुणीतरी खतांविषयी भाषण करू लागलं, तेही तिने धरून ठेवलं.

"काढा आता हात," मी हळूच म्हणालो. "दुखले असतील."

"तिचा आवाज हातात येतो हो," ती म्हणाली. "लहानपणी छातीशी धरली की रडताना अशीच थरथरायची."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि आम्ही दोघांनी खतांचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं.

हौसा मासळीवाली परसदारी पैशांसाठी आली होती आणि मागच्या दाराने तिने फुंकरीचा तेवढाच भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्या मांडवीत पोचला. पेटीत काही नाही, अप्पाची बायको मागनं गाते. कचेरीत भागोजीने मला बाजूला घेऊन विचारलं की घरातल्या माणसाच्या आवाजावर जकात बसते का. मी त्याला कोष्टक पाहायला सांगितलं.

दिवाळीनंतर लाकूड नीट वाळलं. दादूने आणि मी जुनी भोकं फणसाच्याच खुंट्या ठोकून बुजवली, नवी बेताची पाडली, आणि चाक्या बांगड्यांच्या लाखेत बसवल्या. गोदूबाईंनी लाखेला परवानगी दिली, पण नाखुशीने. चाक्या आजतागायत हललेल्या नाहीत. मी हौसाला मुद्दाम बोलावून बोल्ट काढले, कर्णा दाखवला, पेटी रिकामी दाखवली.

"ह्या खरा," ती म्हणाली. "पन मी डोळ्यांनी बघितलाय. वयनींचा तोंड हलत व्हता."

"मी चूल फुंकत होते गं," मथुरा हसून म्हणाली.

हौसा पेटीत पुन्हा वाकून पाहू लागली. "म्हंजे चूल पन हाय आत?"

ती गोष्ट आता वेळणेश्वरापर्यंत गेली आहे असं ऐकतो.

राही अधूनमधून गाते. आगबोटी सुरू झाल्यावर येऊनही गेली. दोघी त्या पेटीपुढे बसून तिच्याकडे पाठ करून रात्रंदिवस बोलल्या. तिचं गाणं असलं की मथुरा काही मागत नाही. त्या संध्याकाळी मी कचेरीतून येतो तेव्हा पेटीवर पाना आणि शेजारी एक रिकामी वाटी ठेवलेली असते. मी मागे बसून चारही बोल्ट सोडवतो आणि वाटीत घालतो. कर्णा मोकळा होतो. ती पदर खोचते आणि हात आत घालते. कार्यक्रम संपला की मी बोल्ट पुन्हा आवळतो. लाकडाला काही कळत नाही. चाक्या त्यासाठीच बसवल्या आहेत.